चित्रकलेची वही ते कला महाविद्यालय

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मेळाव्याच्या संयोजकांनी मला आधीच बजावलंय की आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू कामाचं बोल. त्यामुळे डबे कोणी पळवले आणि घंटा कोणी लवकर वाजवली हे विषय मी पुढच्या वक्त्यांसाठी सोडते. माझ्या वाट्याला आलेला विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या ग्रुपमधल्या सहा-सात जणांनी मला वेगवेगळा फोन करून जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "पोरगी अकरावीत आहे, चित्रं चांगली काढते, आर्टला जायचं म्हणते. ते पोर्टफोलिओ मागतात म्हणे. तो कुठं करून मिळतो?"

प्रश्न अगदी रास्त आहे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला कुठं करून मिळतो हे आपण विचारतोच. पण पोर्टफोलिओ करून मिळत नाही, तो साठत जातो, आणि आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. मी पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत मुलांची कामं बघायला बसते, त्याला आता वीस वर्षं होतील. टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. सगळीकडे पोर्टफोलिओ लागत नाही. आपल्या राज्यातल्या कला महाविद्यालयांत चार वर्षांच्या दृश्यकला पदवीला, म्हणजे बी.एफ.ए.ला, प्रवेश मिळतो तो मुख्यतः राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून. बारावी कोणत्याही शाखेची चालते, विज्ञानच हवं असं नाही. त्या परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे हातानं काम करायचे पेपर असतात आणि एक सामान्य ज्ञानाचा पेपर असतो. आता ही तीन नावं कुठं ऐकली आहेत आठवतंय का? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट! कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा. समोर मांडलेलं मडकं, केळी आणि फडकं, 'भाजी मंडई' किंवा 'पावसाळ्यातील बसस्टॉप' असा विषय देऊन काढायला लावलेलं स्मरणचित्र, आणि वर्तुळात किंवा चौकोनात भरायची नक्षी. आपण त्या परीक्षांना बसलो, आजची मुलं दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात. पण जिला पुढे कलेला जायचं आहे तिच्यासाठी ही मोठ्या परीक्षेची पहिली तालीम आहे. आठवी-नववीत ती मनापासून केली तर सीईटीचा अर्धा अभ्यास तिथंच होतो.

मुंबईची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाली. ती २०२३ साली अभिमत विद्यापीठ झाली. त्यामुळे तिथल्या प्रवेशाची माहिती दरवर्षी तिथल्याच संकेतस्थळावर बघायची, शेजारच्या दादाने सांगितलेली जुनी माहिती धरून बसायचं नाही. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एन.आय.डी., १९६१ ची. तिथं आधी लेखी आणि चित्रांची पूर्वपरीक्षा, मग मुख्य परीक्षा असते. आयआयटींमधल्या डिझाइनच्या पदवीसाठी २०१५ पासून यूसीड नावाची परीक्षा असते, तिच्यातही हाताने चित्र काढायचा भाग आहे. वस्त्र आणि फॅशनच्या निफ्टमध्ये दिलेल्या सामानातून समोर बसून काहीतरी बनवून दाखवायला लावतात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा आणि शांतिनिकेतनचं कलाभवन ही जुनी नावाजलेली ठिकाणं. कलाभवन तर १९१९ पासूनचं आहे. अशा ठिकाणी प्रत्यक्ष काम, मुलाखत आणि सोबत नेलेली कामं यांना महत्त्व येतं. खासगी डिझाइन संस्था आणि परदेशातली महाविद्यालयं तर पहिल्यांदा पोर्टफोलिओच मागतात. म्हणून अकरावीतच बसून एक तक्ता करा. कुठं परीक्षा, कुठं मुलाखत, कुठं पोर्टफोलिओ, अर्ज कधी निघतो, फी किती, वसतिगृह आहे का. हे काम आईवडिलांनी करायला हरकत नाही. चित्रं मात्र मुलांनाच काढू द्या.

आता टेबलाच्या या बाजूला या. एक मुलगा येतो. फाइल जाडजूड, प्रत्येक पान प्लास्टिकमध्ये. आत पंचवीस चित्रं. नट-नट्या, क्रिकेटपटू, शिवाजी महाराज, डोळ्यातून ओघळणारा अश्रू, पाण्यात पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब. पेन्सिलीचं शेडिंग कापसाने घासून घासून इतकं गुळगुळीत केलेलं की बोट फिरवावंसं वाटावं. मेहनत खरीच असते, एकेका चित्राला आठ-आठ दिवस लागलेले असतात. आम्ही त्याला म्हणतो, "समोरची खुर्ची काढ बरं." आणि तो अडतो. खुर्चीचे मागचे दोन पाय कागदावर कुठं टेकवायचे ते त्याला कळत नाही. कारण आजवर त्याने जे काढलं ते मोबाइलच्या पडद्यावर आधीच सपाट झालेलं होतं. गोल वस्तू कागदावर कशी उतरवायची हा प्रश्न कोणीतरी दुसऱ्याने, फोटो काढणाऱ्याने, सोडवून ठेवला होता.

त्याच दिवशी एक मुलगी येते. तिच्याकडे फाइल नाही, दुकानातली हिशेबाची लांबट वही आहे. आत तिच्या आईचे हात. आई घरी विड्या वळते. पान कातरणारे हात, तंबाखू भरणारे हात, दोरा गुंडाळणारे हात. तीस-चाळीस पानं नुसते हात. पहिल्या दहा पानांत बोटं केळ्यांसारखी आली आहेत. पुढे पुढे सांधे दिसायला लागतात, अंगठ्याचा दाब दिसायला लागतो, शेवटच्या पानांत सुपाचा काठ आणि मांडीची घडीसुद्धा येते. रंग नाही, चौकट नाही. एकाही चित्राखाली सही नाही. आम्ही तिघं परीक्षक ती वही एकमेकांच्या हातातून सोडायला तयार नव्हतो. त्या मुलीने आपण कसं बघतो आणि बघता बघता कसं शिकतो, हे पानोपानी दाखवलं होतं. पोर्टफोलिओत आम्ही हेच शोधत असतो. आयतं तयार झालेलं कौशल्य आम्हाला हवं असतं तर मग चार वर्षं महाविद्यालय कशाला चालवायचं?

इथे बसलेल्यांपैकी कोणीतरी मनात म्हणत असेल, हे ठीक आहे, पण पुण्या-मुंबईच्या मुलांना गॅलरी आहेत, प्रदर्शनं आहेत, क्लास आहेत. आपल्या सोलापुरात काय आहे? मी अगदी उलटं सांगते. सोलापूरच्या मुलांकडे जे आहे ते समोर मांडायचं त्यांना सुचत नाही, कारण ते रोज बघून डोळ्यांना सवय झालेली असते.

आपली चादर घ्या. माझे वडील चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायचे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. आमच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पलीकडच्या गल्लीत कन्नड. आणि भिंतीवर ग्राफ पेपर! त्या कागदावरचे उभे-आडवे चौकोन म्हणजे चादरीचे उभे आणि आडवे धागे. कुठला चौकोन भरायचा आणि कुठला मोकळा ठेवायचा, यावरून मोर होतो, फूल होतं किंवा नुसताच गोंधळ होतो. मग त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. एका आडव्या धाग्याला साधारण एक कार्ड. कार्डांची माळ मागावरच्या जकार्डवर चढली की जिथं भोक आहे तिथला धागा उचलला जातो. हे यंत्र फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमाराला बसवलं. भोकाच्या कार्डांची ही कल्पना पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी उचलली. म्हणजे आज संगणकावर डिझाइन शिकायला जाणारं पोरगं ज्या युक्तीवर काम करतं, तिचं जुनं रूप आपल्या पूर्व भागात घराघरांतून खडखडत होतं. इथली पहिली कापड गिरणी, जिला सगळे 'जुनी गिरणी' म्हणतात, ती १८७७ ची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. एवढं सगळं असताना आपली मुलं वस्त्रकलेच्या मुलाखतीला येताना इंटरनेटवरची परदेशी फुलं छापून आणतात. त्याऐवजी एखाद्याने घरच्या जुन्या चादरीचा एक मोर ग्राफ पेपरवर उतरवून घेतला, तो मोर असा पायऱ्या-पायऱ्यांचा का दिसतो हे समजून घेतलं आणि मग त्याच चौकोनांत आपला कंबर तलावातला बगळा बसवून दाखवला, तर तेवढं एक काम दहा छापील फुलांना भारी पडेल.

जर्मनीत १९१९ साली बाउहाउस नावाची एक कलाशाळा निघाली. तिथं ॲनी अल्बर्स नावाची विद्यार्थिनी विणकामाच्या कार्यशाळेत गेली. मुलींना तिथं बहुतेक विणकामच मिळायचं. पुढे १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्या विणलेल्या कामांचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. मागावरचं काम कलेच्या दालनात गेलं, आणि आपण मात्र त्याला 'कारखान्यातलं' म्हणून फाइलीबाहेर ठेवतो.

स्मरणचित्राचा विषय आला की मुलं घाबरतात, कारण माणसं काढता येत नाहीत. अहो, गड्ड्याची यात्रा आहे ना! जानेवारीत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलत चालतात. काठी तोलताना माणसाची पाठ कशी मागे जाते, पुढचा पाय कसा वाकतो, भोवतीची माणसं माना कशा वर करून बघतात. एक संध्याकाळ कठड्याशी उभं राहून पाच-पाच रेषांत अशी वीस माणसं काढली तर गर्दीची भीती कायमची जाते. मंगळवार पेठेतले हमाल, एसटी स्टँडवर गाठोड्याला टेकून झोपलेली म्हातारी, भुईकोट किल्ल्याचा बुरूज आणि त्याच्या सावलीत बसलेली कॉलेजची पोरं, कडक भाकऱ्यांची चळत रचणारी बाई. हे सगळं फुकट आहे आणि घरापासून सायकलच्या अंतरावर आहे.

आणि चित्रकार व्हायला मोठ्या शहरात जन्मावं लागतं असं कोणाला वाटत असेल तर मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात झाला. मुंबईत सुरुवातीला त्यांनी सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरलं. भानू अथय्या कोल्हापूरच्या. जे.जे.मध्ये शिकल्या आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

आता थोडं तपशिलाचं बोलते, ज्यांची मुलं दारात उभी आहेत त्यांनी लिहून घ्या.

पोर्टफोलिओत पंधरा ते वीस कामं पुरतात. एखाद्या संस्थेने आकडा दिला असेल तर तोच पाळायचा, दहा म्हटलं तर दहाच. साधारण निम्मी कामं समोर बघून काढलेली असावीत. वस्तू, माणसं, हात-पाय, घराचा कोपरा, रस्ता. दोन-तीन कामांत रंगाची समज दिसावी. जलरंग, पोस्टर कलर, काय झेपेल ते. दोन-तीन कामं कल्पनेतली असावीत. संकल्पचित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, एखादी गोष्ट चार चौकटींत सांगितलेली. आणि एखादं काम कागदाबाहेरचं असावं. माती, पुठ्ठा, तार, कापड, आईच्या हाताखाली शिवलेली गोधडीसुद्धा चालते. एकाच विषयावर चार-पाच कामांची मालिका असेल तर फारच चांगलं, कारण त्यातून मुलगी एका गोष्टीपाशी किती टिकते ते कळतं.

फाइलीसोबत स्केचबुक हवंच. मी तर आधी स्केचबुक मागते. रोज एक पान, आठवड्याला सात, दोन वर्षांत सातशेच्या वर पानं होतात. त्यातली सहाशे वाईट असली तरी चालतील. फाडायची नाहीत. कागद महाग हवा असं नाही, पाठकोरे कागद शिवून वही केली तरी चालते. रेष बदलायची असेल तर खोडरबर बाजूला ठेवून शेजारी दुसरी रेष काढायची. आम्हाला दोन्ही रेषा बघायच्या असतात.

क्रम लावताना सगळ्यात दमदार काम पहिलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं शेवटी. 'हेही बरं आहे' असं वाटणारं काम बाहेर काढायचं. शंका आली की काढायचं. एक कमकुवत चित्र शेजारच्या दोघांना खाली ओढतं. प्रत्येक कामाखाली माध्यम, आकार आणि वर्ष, एवढंच लिहायचं. 'वेदनेचा हुंकार' वगैरे नावं देण्याची गरज नाही.

आता बहुतेक ठिकाणी कामाचे फोटो पाठवावे लागतात. फोटो सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर, सावलीत, काम भिंतीला टेकवून, मोबाइल अगदी समोर धरून काढायचा. फ्लॅश नको, पंख्याची सावली नको, कडेला चप्पल दिसायला नको. हसू नका, मी चपला बघितल्यात! फोटोतला कागद प्रत्यक्षातल्यासारखा दिसला पाहिजे. फिल्टर लावून रंग भडक केले की लगेच कळतं. फाइलीचं आकारमान सांगितलेल्या मर्यादेत ठेवायचं आणि शेवटच्या रात्रीवर काही सोडायचं नाही.

नक्कल आणि यंत्र, या दोन्हीबद्दल स्पष्ट बोलते. मोठ्या चित्रकाराच्या कामावरून शिकण्यासाठी प्रत काढणं ही चांगली सवय आहे, पण तशी प्रत फाइलीत ठेवली तर खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायचं. आता संगणकाला दोन वाक्यं सांगितली की चित्र तयार होतं. अशी चित्रं आमच्यापर्यंत यायला लागली आहेत. ती पकडणं फार अवघड नसतं, कारण मागोमाग आम्ही पेन्सिल हातात देतो. काही क्लासवालेही मुलांच्या चित्रांवर शेवटचा हात स्वतः फिरवतात. एकाच क्लासच्या सहा मुलांच्या फाइलीत तोच सूर्यास्त आणि त्याच ब्रशचे फटकारे आले की आम्हाला मुलांचं वाईट वाटतं. त्यांची पैसे भरून फसवणूक झालेली असते. क्लास लावा, पण विचारून घ्या की सर चित्रात हात घालतात की बाजूच्या कागदावर दाखवतात. आमचे चित्रकलेचे सर कायम बाजूच्या कागदावर दाखवायचे. सर समोर बसलेत. सर, त्याचा अर्थ मला स्वतः शिकवायला लागल्यावर कळला.

अर्जासोबत काही ठिकाणी 'तुम्हाला इथं का यायचं आहे' यावर पानभर लिहायचं असतं. तिथं 'लहानपणापासून मला कलेची आवड आहे' हे वाक्य लिहू नका, शंभरातल्या नव्वद अर्जांची सुरुवात तीच असते. एक पाहिलेली वस्तू, एक केलेलं काम आणि त्यात अडलेली एक जागा, एवढं साध्या भाषेत लिहायचं. आधी मराठीत लिहा, मग लागत असेल तर इंग्रजी करा. मुलाखतीतही इंग्रजी अडलं तर मराठीत किंवा हिंदीत बोलू का, असं सरळ विचारायचं. स्वतःच्या चित्राबद्दल स्वतःच्या भाषेत बोलणारं मूल कोणालाही ऐकावंसं वाटतं. आणि मुलाखत घेणाऱ्याने चित्रातली चूक दाखवली तर वाद घालायचा नाही, रडायचंही नाही, 'इथं कसं करायला हवं होतं?' हे विचारायचं. आम्ही शिकवायला योग्य विद्यार्थी शोधत असतो, आणि या प्रश्नात तो सापडतो.

आता आईवडिलांना. "का बे, चित्रं काढून पोट भरतंय होय?" हे वाक्य आमच्या घरीही येणाऱ्या-जाणाऱ्याने म्हटलंच होतं. वडिलांनी उत्तर दिलं होतं, "माझं भरलंय की." मी त्याच्याहून जास्त काही सांगू शकत नाही, पण खोटी आशाही दाखवणार नाही. शिकून बाहेर पडल्यावर पहिली तीन-चार वर्षं बहुतेकांची ओढाताणीची जातात. खासगी संस्थांची फी आणि शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयांची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तेव्हा कर्ज काढण्याआधी तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना भेटा, कामं बघा, कार्यशाळा बघा. इमारत चकचकीत असून आत चाक नाही, माग नाही, छापायचं यंत्र नाही, अशा ठिकाणी पैसे घालू नका. आणि वाटा अनेक आहेत. उपयोजित कला, वस्त्रकला, शिल्प, सिरॅमिक, ॲनिमेशन, पुस्तकांची मांडणी, मोबाइलवरच्या ॲपची रचना, संग्रहालयातलं काम, आणि ए.टी.डी. करून शाळेत शिक्षक होणं. शेवटच्या वाटेला कमी लेखू नका. आपण सगळे इथं कोणामुळे काहीतरी बघायला शिकलो हे आठवा.

आणि नाही मिळाला प्रवेश, तर? आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. त्यांनी म्हैसूरला पदवी घेतली आणि पुढे मुंबईतच राहून 'कॉमन मॅन' अख्ख्या देशाच्या घरात पोचवला. फ्रान्सचा शिल्पकार रोदँ तिथल्या नामांकित कलाशाळेत तीनदा नापास झाला. नकार मिळालेला प्रत्येक जण लक्ष्मण होत नाही, हे मलाही कळतं. पण नकार त्या दिवशी, त्या फाइलीला, त्या तीन-चार परीक्षकांनी दिलेला असतो. ती फाइल घेऊन बसायचं, कोणी जाणकार असेल त्याला दाखवायची, एक वर्ष काम करायचं. दुसऱ्या वर्षी आलेली फाइल किती सुधारलेली असते ते मी अनेकदा बघितलंय. घरातल्यांनी मात्र ते वर्ष 'वाया गेलं' असं म्हणायचं नाही. एवढी एक मदत करा.

मित्रांनो, 'जाणकाराला दाखवायची' असं मी सहज म्हटलं, पण खरी अडचण तिथंच आहे. मघाशी मुख्याध्यापिका मॅडम बोलताना म्हणाल्या की आपले सर निवृत्त झाल्यापासून प्रशालेत चित्रकलेला पूर्णवेळ शिक्षक नाही. ग्रेड परीक्षेचे अर्ज भरले जातात, मुलं बसतात, पण वर्षभर त्यांची वही बघायला कोणी नसतं. आपल्या वेळी शनिवारी सर थांबायचे. कोणाच्या घरी रंग नसतील तर कपाटातून निघायचे. आपण त्याची किंमत तेव्हा केली नाही, पण फुकट मिळाल्यामुळे तर आपल्यासारख्यांना मिळालं. आज ज्या मुलीचे वडील कारखान्यात किंवा आई विडी कंपनीत आहे, ती पुण्याच्या क्लासची फी कुठून भरणार? वही भरत गेली तरी ती कोणीतरी बघितली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत भरणं थांबतं.

म्हणून एक मागणं आहे. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय भेट द्यायची याची चर्चा सकाळपासून चालू आहे. पाण्याचा कूलर, प्रोजेक्टर, नावाची कोनशिला. जरूर द्या. पण त्यासोबत महिन्यातला एक रविवार द्या. चित्रकलेचा हॉल मॅडम उघडून देतील, मी त्यांना विचारलं आहे. आठवी ते बारावीची, आपल्या किंवा कोणत्याही शाळेची मुलं वही घेऊन येतील. मी पुण्याहून सकाळच्या गाडीने येईन, दर महिन्याला नाही जमलं तर माझा एखादा विद्यार्थी येईल. आपल्यातल्या एकाचा छापखाना आहे, त्याच्याकडे कटिंगमधून उरणारा कागद वर्षभर पुरेल इतका असतो. एकीच्या घरचा चादरीचा कारखाना आहे, तिने वर्षातून दोनदा मुलांना माग चालू असताना बसून काढायला परवानगी द्यायची. एकाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याने अर्जाच्या दिवसांत मुलांच्या कामांचे नीट फोटो काढून द्यायचे. बँकेतल्या मंडळींनी शिष्यवृत्तीचे आणि शैक्षणिक कर्जाचे कागद समजावून द्यायचे. चित्रकला येत नसली तरी यातलं बरंचसं काम प्रत्येकाला येतं. आणि सर, तुमची तब्येत सांभाळून, जमेल त्या रविवारी तुम्ही फक्त खुर्चीवर येऊन बसायचं. मुलांना कोणीतरी आपली वही बघतंय हे कळलं पाहिजे.

हॉलच्या दारापाशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जेवायला जाताना त्यात नाव, फोन नंबर आणि कोणता महिना जमेल एवढं लिहा. बारा महिने आहेत आणि आपण साठच्या वर माणसं आलो आहोत, तेव्हा हिशेब बसायला हरकत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली की तिसऱ्या रविवारी सकाळी नऊला पहिल्यांदा बसू. ज्यांची मुलं यंदा अकरावीत आहेत त्यांनी मुलांना पाठवताना निवडक चार चित्रं न देता सगळ्या वह्या द्याव्यात, खोडलेल्या पानांसकट.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, वर्गात कधी एवढे शांत नव्हता. सर्व सरांना आणि बाईंना नमस्कार करते आणि थांबते.